मदत हवी आहे: पुढच्या आठवड्यात निघतोय, आर्ट गॅलरी कुठल्या बघायच्या? लवकर सांगा

अर्धाकप_चहा:
नमस्कार मंडळी. एजंटने प्लॅन पाठवलाय त्यात नुसते किल्ले, देवळं आणि पूल, चित्रं बघायला अर्धा तास पण ठेवला नाहीये. देश एवढासा, आपले नाशिक, नगर आणि धुळे जिल्हे एकत्र केले तर होईल साधारण तेवढा, पण कुठेच नीट यादी मिळत नाहीये. ज्यांनी बघितल्यात त्यांनी नावं टाका, म्हणजे एजंटला आजच सांगता येईल. गूगल करून झालंय, लिंका नकोत.

पंचवटीकर:
देश कुठला ते तरी सांगा राव.

घाटावरचा:
परदेशात चित्रं बघायला निघालात, चांगलंय, पण पांडवलेणी शेवटची कधी बघितली? चोवीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि आपले लोक फाळके स्मारकापाशी गाडी लावून वडापाव खाऊन परत येतात. सिन्नरचं गारगोटी म्युझियमही तसंच, बाहेरचे लोक विचारत येतात आणि आपल्याला पत्ता नाही.

अर्धाकप_चहा:
@घाटावरचा पांडवलेणी शाळेपासून बघतोय हो. प्रश्न तो नाहीये.
@पंचवटीकर भूतान. वाटलं लक्षात येईल.

सिडकोवाला:
भूतान म्हणजे मस्तच, भारतीयांना तिथे काही फी-बी नाही, आधार कार्ड दाखवलं की सोडतात. आम्ही नाशिकरोडहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाडीने न्यू जलपायगुडीला उतरून जीपने जयगाव गाठलं, तिथून कमानीतून पलीकडे गेलं की फुन्शोलिंग. जीपवाल्याशी भाव आधीच ठरवा, नंतर तो ऐकत नाही.

प्रवासीपक्षी:
@सिडकोवाला कोणत्या जमान्यात गेला होतात भो? २०२२ च्या सप्टेंबरात सीमा परत उघडली तेव्हापासून भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये लागतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे. आणि आधार मोठ्यांना चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक हवंच. उगाच लोकांना बॉर्डरवर अडकवू नका.

सिडकोवाला:
आमच्या वेळी चाललं होतं, मी काय खोटं बोलतोय का. २०१७ ची गोष्ट आहे.

प्रवासीपक्षी:
मग तसं लिहा ना, २०१७ ची गोष्ट म्हणून.

अर्धाकप_चहा:
मतदार कार्डं आहेत, फी एजंटच्या पॅकेजमध्ये धरलीय. गॅलरी??

येवलेकरीण:
दादा, गॅलरी म्हणजे नक्की काय बघायचंय? भिंतीवर टांगलेली चित्रं, का लोक काम करताना, का काही विकत घ्यायचंय? तिथे आपल्यासारखा गॅलरीचा प्रकार कमी आहे, चित्रं मठात आणि घरांच्या भिंतींवर जास्त. आणि सोबत कोण आहे?

अर्धाकप_चहा:
आई आहे. ड्रॉईंग टीचर होती, आता रिटायर झालीय, जलरंगात करते. तिला थांगके, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, काढताना बघायचेत आणि जमलं तर एक छोटा घ्यायचाय. गुडघे दुखतात, त्यामुळे टायगर्स नेस्टची, म्हणजे पारोच्या कड्यावरच्या मठाची, चढण करणार नाही, त्या दिवशी मी एकटा जाणार. हे आधीच लिहायला हवं होतं असं कोणी म्हणू नका, मला फक्त नावं हवी होती.

येवलेकरीण:
मग सोप्पं आहे. थिंफूत नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर झोरिग चुसुम. झोरिग चुसुम म्हणजे तिकडच्या तेरा कला: चित्र, लाकडावरचं कोरीवकाम, मातीच्या मूर्ती, ओतकाम, भरतकाम, विणकाम, कागद वगैरे. संस्था १९७१ ची आहे. मुलं वर्गात जमिनीवर बसून एकच बुद्धाचा चेहरा आखलेल्या चौकटींत पुन्हा पुन्हा काढत असतात, प्रमाण चुकलं की खोडायचं आणि परत. आईंना इथून हलवायला लागेल बघा.

दुसरं टेक्स्टाइल म्युझियम, तेही थिंफूतच. मी येवल्याची, आमच्या घरात पैठणीचे माग, म्हणून मी तिथे जास्तच रेंगाळले. किशुथारा म्हणून रेशमी कापड असतं, बायका कमरेला पट्टा बांधून बसतात आणि अंगाच्या जोरावर ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट धरतात. नक्षीसाठी जादा धागा घालतात, आपल्या पैठणीच्या पदरात मात्र रंगीत बाणाच, म्हणजे आडवा धागाच, धाग्याधाग्याने गुंफतात, जादा धागा नसतो. किंमत विचारून मी गप्प बसले, पण दिवसाला किती बोटं होतं ते ठाऊक असल्यामुळे महाग वाटली नाही.

पंचवटीकर:
आणि व्हास्ट भूतान राहिलं की. थिंफूतल्या चित्रकारांनी १९९८ मध्ये सुरू केलेला स्टुडिओ, थांगक्याच्या चौकटीबाहेरचं काम बघायचं तर तिथेच. आईंना जलरंगवाले भेटले तर गप्पा होतील.

तिकीटवेडा:
चित्रं चित्रं काय करताय, भूतानची खरी कला पोस्टाच्या तिकिटांवर आहे. १९६७ ला थ्रीडी तिकिटं काढली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चक्क वाजणारी, छोटी ग्रामोफोन रेकॉर्डच, राष्ट्रगीत आणि लोकगीतं असलेली. थिंफूत पोस्टल म्युझियम आहे, आणि स्वतःचा फोटो छापलेलं तिकीटही करून देतात. आधी तिथे जा.

अर्धाकप_चहा:
@तिकीटवेडा आईला ग्रामोफोनमध्ये इंटरेस्ट नाही.

प्रवासीपक्षी:
तुम्ही थिंफूत कोणत्या वारी आहात? झोरिग चुसुम शनिवार-रविवार बंद असतं, आणि विद्यार्थ्यांच्या सुट्टीतही वर्ग नसतात.

अर्धाकप_चहा:
शुक्रवारी संध्याकाळी पोचतोय, शनिवार थिंफू, रविवारी सकाळी पुनाखा, मग मंगळवारी पुनाख्याहून थेट पारो.

प्रवासीपक्षी:
घ्या. थिंफूतला अख्खा दिवस नेमका शनिवारच. उलटं करा: शनिवारी सकाळीच पुनाखा, सोमवारी लवकर निघून थिंफूत परत, अडीच-तीन तास लागतात, दुपारी झोरिग चुसुम, मंगळवारी पारो. पुनाख्याहून पारोला जायचा रस्ता असाही थिंफूजवळूनच जातो, वाकडी वाट पडत नाही. फक्त पुनाख्याच्या परमिटचं एजंटकडून आधी पक्कं करून घ्या, ते सुट्टीच्या दिवशी करत बसू नका. पारोत ता झोंगचं राष्ट्रीय संग्रहालय बघाच. जुना टेहळणी बुरूज आहे, १९६८ पासून संग्रहालय. जुने थांगके आणि मुखवटे आहेत, टायगर्स नेस्टच्या दिवशी आईंना तिथे सोडता येईल.

सिडकोवाला:
पुनाख्याला आईंना घेऊन जाताय तर एक सांगून ठेवतो, चिमी ल्हाखांगच्या गावात घरांच्या भिंतींवर जी चित्रं आहेत ना, ती बघून आमच्या सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. द्रुक्पा कुन्ले नावाच्या अवलिया साधूची परंपरा आहे, दृष्ट लागू नये म्हणून काढतात. एवढंच सांगतो, बाकी तुम्ही समजून घ्या.

येवलेकरीण:
@सिडकोवाला लिंगाची चित्रं आहेत ती, सरळ सांगा ना. ड्रॉईंग टीचर आहेत त्या, न्यूड स्टडी करून झालेला असेल. सासूबाईंना राहू द्या.

थांगका घेताना मात्र सांभाळून. छापील कॅनव्हासवर वरून सोनेरी रंगाचे दोन फटकारे मारून हाताचं म्हणून विकतात. चित्र डोळ्यांजवळ धरा, रंगात बारीक छापील ठिपके दिसले तर ठेवून द्या. भुवया, बोटांची नखं, वस्त्राची किनार, इथे रेघ जाडबारीक होते का बघायचं, छापलेली रेघ मेलेली असते. जुना म्हणून सांगत असतील तर घेऊच नका, जुन्या धार्मिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि देवळाच्या आत फोटो काढू नका, गाईड नाही बोलला तरी.

घाटावरचा:
थांगक्यापेक्षा शिवाजी तुपेंच्या जलरंगातला गोदाघाट घरात लावा म्हणतो मी.

अर्धाकप_चहा:
@घाटावरचा त्याची प्रिंट आमच्या हॉलमध्ये आहे, आईनेच लावलीय.
एजंटला फोन केला. उलटा प्लॅन जमेल म्हणाला, हॉटेलवाल्याला विचारून संध्याकाळी कळवतो. फरकाचे पैसे घेणार, ते त्याने लगेच सांगितलं. पंचवटीकर, व्हास्टला आधी कळवून जावं लागतं का, का सरळ दार वाजवायचं? आणि थांगका विमानात सुरळी करून नेला तर रंग तडकतो का?

येवलेकरीण:
तो गुंडाळायसाठीच असतो, रंगाची बाजू आत ठेवून सैल सुरळी करा, घडी अजिबात नको. रविवार कारंजावर हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा दीड फुटी तुकडा कापून घ्या, दोन्ही टोकांना टोपणं, आणि केबिन बॅगेतच ठेवा.

तिकीटवेडा:
पोस्टल म्युझियमला जाणार नसाल तरी पोस्टात डोकावाच. वाजणारं तिकीट विकायला असेल तर भाव विचारून इथे टाका. मी पैसे आधी पाठवतो.