मदत हवी आहे: ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर पांढरी भुकटी

गच्चीतल्या काँक्रीटच्या भिंतीवर कुंड्यांची फळी २ ॲल्युमिनियमच्या एल ब्रॅकेटवर बसवली आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ६ मिमीचे. वजन साधारण १८ किलो. पाणी घालताना ब्रॅकेट भिजतातच.

वर्षभरात स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमली. खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे! बाकीचा ब्रॅकेट मात्र स्वच्छ. पॉलिश पेपरने घासून लॅकर मारलं, ३ महिन्यांत पुन्हा तेच. स्क्रूंना काहीच झालेलं नाही. म्हणजे दोन धातू आणि मध्ये ओल, त्यात ॲल्युमिनियमचाच बळी जातोय, हे कळलंय.

भिंतीत नवी भोकं पाडता येणार नाहीत, त्यामुळे आहे त्याच मापात बसणारं काहीतरी हवं. खाली माणसं बसतात, म्हणून चालढकल करायची नाहीये.

स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घालायचा विचार आहे, पण स्क्रूची दांडी भोकाच्या कडेला टेकतेच की! तिथेही नायलॉनची नळी घालावी लागेल का? आणि नायलॉन दाबला जाऊन स्क्रू सैल होण्याचा धोका असेल, तर सरळ स्टेनलेसचेच ब्रॅकेट लावावेत का?