मदत हवी आहे: १९९४ चं पेंटियम आणि बाबांचे ७ पैसे

नमस्कार मंडळी. माहेर नागपूरचं, महालातलं. घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, तर बाबांचा जुना कॉम्प्युटर खाली आला. पेंटियम, ६० मेगाहर्ट्‌झ, १९९४ च्या दिवाळीत सीताबर्डीवरून घेतलेला. सोबत दोन्ही कडांना भोकं असलेल्या डॉट मॅट्रिक्सच्या कागदांचे गठ्ठे.

बाबा तेव्हा एका पतसंस्थेचे हिशेब घरी आणून करत. मार्च १९९५ अखेरीला ३४० खात्यांच्या व्याजाची यादी काढली, तर खाली मशीनने छापलेली बेरीज एक, आणि तीच यादी कॅल्क्युलेटरवर मारली की दुसरी. फरक ७ पैसे. बाबा दोन रात्री बसले, सापडला नाही. सभेत कोणीतरी त्यांचं नाव 'सातपैसे' पाडलं. वर्षभरात त्यांनी ते काम सोडलं.

मागच्या आठवड्यात माझ्या मुलाने त्यांना सांगितलं की पेंटियमच्या पहिल्या चिपा भागाकारात चुकायच्या. तेव्हापासून घरात एकच पाढा: "मी तेव्हाच म्हणत होतो, मशीनच खोटारडं आहे."

हे खरं आहे का? आपली चिप तसली आहे की नाही हे कसं पाहायचं? आणि ७ पैसे त्यामुळेच गेले का? हिशेब एक्सेल ५ मध्ये होता. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५००. बाबा आता ७८ चे आहेत. त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नका, खरं काय ते सांगा.

जुना_सोल्डर:
ताई, मुलगा बरोबर सांगतोय. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या (५-७, ११-१३ अशा, फक्त २ चं अंतर असलेल्या) व्यस्तांची, म्हणजे १/५, १/७, १/११ अशांची, बेरीज करत होते. १९९४ मध्ये त्यांची उत्तरं जुळेनात. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग बाकी सगळं, शेवटी चिपवर बोट आलं. ही चिप बनवणाऱ्या इंटेलचं म्हणणं, साध्या वापरात २७,००० वर्षांत एकदा चूक दिसेल. आयबीएमने हिशेब मांडला, २४ दिवसांत एकदा. दोघांनी आपापल्या सोयीचं गृहीत धरलं होतं असं माझं मत. पण लोक भडकले, आणि २० डिसेंबर १९९४ ला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

भानगड अशी होती. ही चिप भागाकार आपल्यासारखाच पायरीपायरीने करते, आणि पुढचा अंक कोणता घ्यायचा ते एका तक्त्यात पाहते. तक्त्यात १०६६ घरं भरायची होती, त्यातली ५ रिकामी राहिली. तिथे २ हवा होता, मिळायचा ०.

तपासायला एक्सेलमध्ये हे टाका:
=४१९५८३५-(४१९५८३५/३१४५७२७)*३१४५७२७
० आलं तर चिप शहाणी. २५६ आलं तर तीच ती.

वऱ्हाडी_बाईट:
पहिले उघडून धूळ झाडा बे, मग चालू करा. ३० वर्षं माळ्यावर, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात. सीधा बटन दाबलं तर पॉवर सप्लायचा सुतळी बॉम्ब होऊन राहीन.

दोनाचा_घात:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाबांना आवडणार नाही. ती पाच घरं सगळ्याच भागाकारांत लागत नाहीत. भाजकाला २ ने भागत भागत १ आणि २ च्या मध्ये आणा. जे येईल ते ९/८, २१/१६, ३/२, २७/१६ किंवा १५/८ यांपैकी एखाद्याच्या अगदी किंचित खाली, म्हणजे १/१०२४ च्या आत, असेल तरच धोका. वरचा ३१४५७२७ बघा. तो ३१४५७२८ ला, म्हणजे १०,४८,५७६ (२ चा २० वा घात) च्या तिप्पटीला, फक्त १ कमी. म्हणजे ३/२ च्या उंबरठ्यावरच बसलाय.

आता तुमचा ३६५००. भागिले ३२७६८ (२ चा १५ वा घात) केलं की साधारण १.११३९. जवळचा धोका ९/८ म्हणजे १.१२५, आणि तो १.१२४ च्या वर सुरू होतो. ३६५०० तिथे पोचतच नाही. मुद्दल कितीही असो, या भागाकारात ती चिप चुकू शकत नाही.

७ पैशांचं कारण फार साधं असावं. एक्सेलमध्ये दोन दशांश 'दाखवले' म्हणून आकडा दोन दशांशांचा होत नाही. कागदावर १२.३५ छापतं, पोटात १२.३४६५७ असतं, आणि बेरीज पोटातल्या आकड्यांची होते. बाबा छापलेले आकडे मिळवत होते. एका खात्यात अर्ध्या पैशापर्यंत फरक, खाती ३४०, त्यात ७ पैसे सहज निघतात. आज नव्या लॅपटॉपवर केलं तरी तेच होईल. प्रत्येक ओळीचं व्याज राउंड करून मगच बेरीज घ्यायला हवी होती. (राउंड करतानाही गंमत आहे. १.००५ हा आकडा मशीनच्या ०-१ च्या (द्विमान) पद्धतीत पुरा बसत नाही, आत १.००४९९९९९… असाच राहतो. पण ते पुन्हा कधीतरी.)

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वऱ्हाडीभाऊंचं ऐकून आधी ब्रशने धूळ काढली, एक मेलेली पाल पण निघाली. तारीख १ जानेवारी १९८० दाखवतंय, पण मशीन सुरू झालं. एक्सेल उघडलं, सूत्र बाबांनी स्वतः टाइप केलं, एका बोटाने.

२५६.

चष्मा पुसून त्यांनी परत टाकून पाहिलं. परत २५६. मग मी ३६५०० चं सांगितलं. त्यांनी कागद मागितला, ३६५०० ला हाताने ३२७६८ ने भागलं, १.११३ आलं तसे थांबले. बराच वेळ गप्प. मग गठ्ठ्यातली ती यादी काढून पहिल्या दहा ओळींचं व्याज चार दशांशांपर्यंत काढत बसले. दहा ओळींतच पाऊण पैशाचा फरक निघाला.

"म्हणजे मशीन खोटारडंच होतं," ते म्हणाले, "फक्त माझ्याशी खोटं नव्हतं बोललं."

आता ते ३४० ओळी पुऱ्या करणार आहेत, आणि रंगाऱ्याला त्या खोलीत यायची बंदी आहे. शेवटची विचारणा: बोर्डावरची तारखेची बॅटरी बदलायची आहे, पट्टीसारखी काळी डबी आहे, गोल नाणं नाही. नागपुरात कुठे मिळेल?