मधुमेहात स्वादुपिंडाचे पचनाचे कामही मंदावते का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ असून त्यांना १४ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. साखर आटोक्यात असूनही वर्षभरात त्यांचे वजन उतरत चालले आहे, खाल्लेले अंगी लागत नाही आणि शौचास वारंवार पातळ होते. मलातील इलास्टेजची (स्वादुपिंडातून येणाऱ्या एका पाचक एन्झाइमची) तपासणी केली, ती प्रति ग्रॅम १४० मायक्रोग्रॅम आली. डॉक्टरांनी पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. मधुमेहामुळेच असे होते का, आणि या कॅप्सूल आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

प्रतिसाद १

इन्सुलिन तयार करणारी बेटे (पेशींचे छोटे पुंजके) स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के असतात; उरलेला बहुतेक भाग पाचक रस तयार करतो. बेटांतून निघालेले रक्त बऱ्याच अंशी भोवतालच्या पाचक पेशींमधून पुढे जात असल्याने त्या पेशींना इन्सुलिन भरपूर मिळते आणि त्यावर त्यांचे पोषणही अवलंबून असते. टाइप १ मध्ये स्वादुपिंड आकाराने लहान आढळते, त्याचे हे एक कारण मानले जाते. टाइप २ मध्येही पाचक रस कमी होऊ शकतो, पण ही घट सहसा सौम्य असते.

इलास्टेज २०० च्या वर असल्यास सामान्य आणि १०० च्या खाली असल्यास तीव्र कमतरता समजतात. १४० हा आकडा मधल्या, धूसर पट्ट्यात येतो. मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी १९७३ साली दाखवून दिले, की लाइपेजचे (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचे) स्रवण मूळच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत घसरल्याशिवाय मलातून चरबी जाऊ लागत नाही. त्यामुळे केवळ या आकड्यावरून वजन घटण्याचा उलगडा होतो, असे मी म्हणणार नाही. मल तेलकट, फिकट व उग्र वासाचा असतो का, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहतो का, हे वडिलांना जरूर विचारावे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्यात. वडील मेटफॉर्मिन घेतात का? मधुमेहाच्या या गोळीनेही शौचास पातळ होऊ शकते. आणि तपासणीचा नमुना पाण्यासारखा पातळ होता का? तसा असल्यास इलास्टेज विरल होऊन आकडा खोटाच कमी येतो.

प्रश्नकर्ता

मेटफॉर्मिनचा डोस मागच्या वर्षी वाढवला होता. नमुना पातळच होता. मल तेलकट असल्याचे ते सांगत नाहीत.

प्रतिसाद २

मग डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून किंवा सावकाश विरघळणारी गोळी घेऊन पाहता येईल, आणि घट्ट नमुन्यावर तपासणी पुन्हा करता येईल. तरीही या वयात विनाकारण वजन उतरत असेल, तर पोटाचा सीटी स्कॅन टाळू नये. स्वादुपिंडात खडे, जुनाट सूज किंवा गाठ असेल तर ती त्यात सहसा दिसते, आणि कधी कधी मूळ आजार स्वादुपिंडाचा असतो व मधुमेह त्याच्या मागून आलेला असतो. अशा मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. गाठीच्या बाबतीत उशीर फार महागात पडतो, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

प्रतिसाद ३

मला स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेमुळे मधुमेह झाला आहे आणि कॅप्सूल कायम घ्याव्या लागतात. आपल्या वडिलांचे तसेच असेल असे नाही. कॅप्सूल ठरल्याच, तर त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर सुरू कराव्यात आणि एकाहून अधिक असतील तर जेवणभर विभागून घ्याव्यात. जेवण उरकल्यावर घेतल्यास अन्न पुढे निघून जाते. पूर्ण जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लाइपेज ही प्रौढांसाठी नेहमीची सुरुवात असते. त्याहून पुष्कळ कमी मात्रा देऊन उपयोग होत नाही म्हणून औषध बंद केल्याचे अनेकदा घडते. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे शाकाहारी किंवा धार्मिक निर्बंध पाळणाऱ्या कुटुंबाला आधीच सांगितले पाहिजे. शिवाय अन्न नीट पचू लागले, की जेवणानंतरची साखर वाढू शकते, म्हणून पहिले काही आठवडे ती अधिक वेळा तपासून नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात.