नागासाकीला बोट फक्त एक दिवस थांबतेय, आईला घेऊन काय काय बघून होईल?

बंदरवेडी:
नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये मी आणि आई जपानच्या क्रूझवर चाललोय, त्यात नागासाकीला बोट सकाळी ८ ला लागते आणि दुपारी साडेचारला सगळ्यांनी परत बोटीवर असायचंय. आईचं वय ६८, चालते व्यवस्थित पण चढ आला की गुडघे बोलतात. तिला पीस पार्क बघायचंच आहे, लहानपणी शाळेत त्या अणुबॉम्बबद्दल ऐकल्यापासून तिच्या मनात आहे ते. मला ग्लोव्हर गार्डन (जुन्या परदेशी व्यापाऱ्यांच्या बंगल्यांची बाग) आणि ते जुनं चर्च बघायचंय, आणि देजिमा म्हणजे डचांची जुनी वसाहत पण. बोटीवरची टूर घेतली तर सगळीकडे पंधरा-पंधरा मिनिटं मिळणार, ते नकोय. आपलं आपण जाऊन जमेल का? आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही, तेही सांगा कोणीतरी.

उंबरठा_ओलांडून:
जमेल, अगदी आरामात जमेल. बोट मात्सुगाए धक्क्याला लागते ना ते एकदा बघून घे, तिथून चर्च आणि ग्लोव्हर गार्डन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. म्हणूनच ते आधी करू नकोस! सगळेजण उतरले की तिकडेच जातात. तुम्ही आधी लांबचं करा म्हणजे पीस पार्क, आणि मग सरकत सरकत बोटीकडे या, म्हणजे शेवटी उशीर झाला तरी धडधड नाही.
ओउरा कायगानदोरी स्टॉपवरून हिरवी ५ नंबरची ट्राम घ्यायची, शिनची चुकागाईला उतरून निळी १ नंबर पकडायची, अकासाकोच्या दिशेची, दुसऱ्या दिशेची नाही, आणि हेइवा कोएनला, म्हणजे पीस पार्कच्या स्टॉपला उतरायचं. बदलाबदली धरून अर्धा-पाऊण तास. तिथे टेकाडावर चढायला सरकता जिना आहे, आईंना त्रास नाही.
वर गेल्यावर सगळे तडक त्या मोठ्या पुतळ्याकडे फोटोला पळतात. त्याआधीचं कारंजं बघा. ९ ऑगस्ट १९४५ ला होरपळलेली माणसं पाणी पाणी करत गेली, म्हणून ते बांधलंय. समोरच्या दगडावर एका नऊ वर्षांच्या मुलीचे शब्द कोरलेत, तिला इतकी तहान लागली होती की वर तेलासारखं काहीतरी तरंगत असलेलं पाणीही ती प्यायली. मी तिथे गेले तेव्हा एक आजोबा पाण्याची बाटली उघडून स्मारकापाशी ठेवत होते, झाकण काढून, म्हणजे पिणाऱ्याला उघडायला लागू नये असं. हात जोडले आणि गेले. मला त्या दिवसातलं बाकी काही आठवलं नाही तरी ते झाकण आठवतं.

ट्रामवाला_नाना:
वरच्या ताईंनी रस्ता बरोबर सांगितलाय, पैशाचं मी सांगतो. ट्राममध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढून उतरताना पैसे टाकायचे, कुठेही जा भाडं एकच, दीडशे येनच्या आसपास. रोख देत असाल तर शिनचीला उतरताना ड्रायव्हरकडून नोरिकाए म्हणजे बदलीचं तिकीट मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या ट्रामला परत पूर्ण भाडं पडतं. डे-पास ड्रायव्हरकडे मिळत नाही, आधीच घ्यावा लागतो. रोख येन लागले तर सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये बाहेरची कार्डं चालतात. आणि बोटीचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ एकच आहे ना ते सकाळी उतरताना विचारून घ्या.

कापूरझाड:
मी थोडं वेगळं सांगेन. सगळं करू नका, देजिमा सोडा. (१६४१ पासून दोनशेहून जास्त वर्षं डचांना तेवढ्या एका पंख्याच्या आकाराच्या बेटावर राहायची मुभा होती, गोष्ट भारी आहे, पण आता चारी बाजूंनी भराव घालून शहर झालंय, ट्राममधून जाता जाता दिसतं.) तो वेळ अणुबॉम्बच्या म्युझियमला द्या. पार्कमधून खाली उतरलात की जिथे वर पाचशे मीटरवर बॉम्ब फुटला तिथे काळा दगडी खांब आहे, तिथून म्युझियम जवळच. आत एक भिंतीवरचं घड्याळ आहे, ११ वाजून २ मिनिटांवर थांबलेलं, मोडकं. ते सान्नो देवळाजवळच्या घरातलं. म्हणून म्युझियम झालं की त्या देवळापर्यंत चालत जाच. दारातल्या तोरीचा, म्हणजे देवळाच्या कमानीचा एक खांब स्फोटात पडला, दुसरा एकटाच आजही उभा आहे. आतली कापराची दोन झाडं जळून काळी पडली होती, मेली असंच सगळ्यांना वाटलं, आणि पुढे त्यांना पालवी फुटली. आता एवढी दाट आहेत की खाली भर दुपारी सावली असते. एका झाडाच्या पोकळीत स्फोटाने उडून आलेले दगड सापडले. आईंना तिथे जरा बसू द्या, घाई करू नका.
परत जाताना ट्राम दायगाकू ब्योइन स्टॉपवरून मिळते.

उंबरठा_ओलांडून:
कापूरझाड यांचं पटलं. मग ग्लोव्हरसाठी एक युक्ती, खालच्या गेटने चढत जाऊ नका, इशिबाशी स्टॉपला उतरा, तिथे तिरकी लिफ्ट आहे, फुकट, ती थेट वर नेते आणि मग बागेतून उतरत उतरत ओउरा चर्चपाशी येता. १८६५ साली याच चर्चमध्ये अडीचशे वर्षं लपून ख्रिस्ती धर्म पाळणारे गावकरी पाद्रीसमोर आले आणि आम्हीही तुमचेच म्हणाले. खाण्याचं मात्र कठीण आहे, चंपोन नावाच्या तिथल्या नूडल्समध्ये डुकराचं मांस आणि मासे, कास्तेल्ला केकमध्ये अंडं. सकाळी बोटीवर पोटभर नाश्ता करूनच उतरा.

बंदरवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे, देजिमा सोडलं. आईला आत्ता वाचून दाखवलं तर ती झाकणाच्या गोष्टीपाशी थांबली आणि म्हणाली, आपणही एक बाटली घेऊन जायची. तिथे स्टॉपजवळ पाण्याची बाटली मिळते का?

ट्रामवाला_नाना:
मिळते, रस्त्यावर जागोजागी मशीनं आहेत. शंभर येनची दोन-तीन नाणी हाताशी ठेवा.