आयकिडो: ताकद वापरू नका, की ताकद कमवूच नका?

मनगट (सदस्याचे टोपणनाव; मूळ मांडणी)

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात "ताकद लावू नका" हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की त्याचा अर्थ कोणी विचारेनासे झाले आहे. माझा आक्षेप त्या वाक्यावर नाही. त्याचे हळूहळू "ताकद कमवूच नका" असे रूपांतर झाले आहे, त्यावर आहे. मी सकाळी जोर-बैठका काढतो हे कळल्यावर एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने, त्याने तुमचा 'कि' अडेल, असे मला अत्यंत गंभीरपणे सांगितले. ('कि' म्हणजे जपानी कल्पनेतली जीवनशक्ती; मराठीतल्या 'की'शी घोळ नको म्हणून ऱ्हस्व लिहितो आहे.)

ज्यांचा दाखला देऊन हे सांगितले जाते, त्या आयकिडोच्या संस्थापक मोरिहेई उएशिबांचे (१८८३–१९६९) आयुष्य मात्र निराळे आहे. उंची कमी भरली म्हणून लष्कराने त्यांना आधी परत पाठवले होते. तरीही जिद्दीने भरती होऊन ते रशिया-जपान युद्धात गेले. १९१२ साली तानाबे गावच्या कुटुंबांना घेऊन त्यांनी उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटावरच्या शिराताकीला वसाहत केली आणि तिथे जंगल तोडून शेती उभी केली. १९१५ साली सोकाकु ताकेदांकडे ते दाइतो-र्यू ही जुनी जुजुत्सू पद्धत शिकू लागले, तेव्हा त्यांचे शरीर आधीच कसलेले होते. म्हातारपणी त्यांनी ताकद सोडून दिली असे म्हणायचे असेल, तर सोडण्याजोगी ताकद त्यांच्यापाशी होती, हेही सांगायला हवे.

श्वासमात्र

आपली मांडणी वाचनीय असली, तरी तिच्यात कोइची तोहेईंचे नावच नाही आणि त्यांच्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. तोहेई हे टोकियोतील आयकिडोच्या मुख्य दोजोचे (सरावगृहाचे) प्रमुख प्रशिक्षक होते. १९७१ मध्ये त्यांनी 'कि'च्या अभ्यासासाठी वेगळी संस्था काढली आणि १९७४ मध्ये ते मुख्य संस्थेतून बाहेर पडले. उएशिबांकडून आपण मुख्यतः शरीर सैल सोडायला शिकलो, असे ते स्वतः सांगत. मनाची बाजू त्यांनी नाकामुरा तेम्पू या मन-शरीर साधनेच्या जपानी शिक्षकाकडून घेतली. आणि क्षयाने खंगलेले असताना हिमालयाच्या पायथ्याशी एका योग्याजवळ राहून आपण साधना केली, असे तेम्पू सांगत असत. तेव्हा 'कि' म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला प्राण आठवतो, त्यात नवल नाही.

न वाकणारा हात हा तोहेईंचा प्रसिद्ध प्रयोग आपण करून पाहिला असेलच. हात सैल ठेवून बोटांतून पाणी दूरवर वाहते आहे अशी कल्पना केली, की समोरचा दोन्ही हातांनी जोर लावूनही कोपर वाकवू शकत नाही; मूठ आवळून ताठ केलेला हात मात्र वाकतो. हा फरक जोर काढून येत नाही.

मनगट

प्रयोग मी केला आहे, तो होतो, आणि म्हणूनच त्याचे कारण शोधावेसे वाटते. हात ताठ करायला सांगितले की माणूस दंडाचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही स्नायू एकदम आवळतो. त्यांपैकी पुढचा स्नायू कोपर वाकवण्याचेच काम करतो. म्हणजे आपण वाकवणाऱ्याला नकळत मदत करत असतो. पाण्याची कल्पना केली की तो पुढचा स्नायू सुटतो आणि मागचा एकटा काम करतो. कल्पना उपयोगी आहे, हे मान्य. पण काम स्नायूच करतो, आणि तो जितका सशक्त तितका हात टिकतो.

तिरका पाय

दोघांचेही म्हणणे वाचले. आपण सारे गोडीगुलाबीने पडणाऱ्या जोडीदारावर सराव करतो आणि मग आपल्यात काय आहे यावर वाद घालतो, ही खरी अडचण आहे. उएशिबांचे शिष्य केन्जी तोमिकी यांनी हीच अडचण ओळखून वासेदा विद्यापीठात मुक्त सराव आणि स्पर्धा आणली. त्यावर आयकिडोचा आत्मा गेला अशी टीका झाली खरी, पण विरोध करणाऱ्या माणसासमोर कोणते तंत्र उरते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना कळले. उएशिबांचेच दुसरे शिष्य गोझो शिओदा यांच्या योशिनकान या शाळेत टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांना सुमारे ११ महिन्यांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथे पायांची बैठक पक्की होईपर्यंत तेच तेच करून घेतात. शिओदा स्वतः अगदी बुटके होते. त्यांचा जोर दंडात नसून साऱ्या शरीराचा भार एका क्षणी एका बिंदूवर आणण्यात होता. याला 'कि' म्हणा वा न म्हणा, त्याचा सराव घाम गाळूनच होतो.

श्वासमात्र

घामाला माझा विरोध नाही. स्नायूंचे स्पष्टीकरणही मला पटते, पण ते शिकवताना चालत नाही. "पुढचा स्नायू सोडा" असे सांगितल्याने तो कोणाचाही सुटलेला मी पाहिलेला नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. मोरोते-दोरी या पकडीत समोरचा माझे एक मनगट दोन्ही हातांनी धरतो. ज्यांनी दंड कमावले आहेत ते हात वर उचलायला जातात, खांदा कानाकडे चढतो आणि तिथेच सारे अडते. जे दुबळे असतात त्यांना तो मार्गच बंद असतो. ते कोपर खाली सोडतात, कंबर वळवतात, पाऊल पकडीच्या आत टाकतात, आणि हात आपोआप वर येतो. ताकद असणाऱ्याला ती न वापरण्याची बुद्धी उशिरा होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

मनगट

खांदा चढतो, हे खरे आहे. माझा अजूनही चढतो. एवढ्यापुरते मी आपले म्हणणे मान्य करतो. मात्र उएशिबांकडे इवामा येथे दीर्घकाळ राहिलेले मोरिहिरो साइतो पकड घट्ट, स्थिर ठेवूनच सुरुवात करायला लावत, कारण सैल पकडीत खांदा चढल्याचे कळतच नाही. तशी पकड द्यायला जोडीदाराच्या पंजात जोर लागतो. तो नसेल, तर "मी ताकद लावली नाही" हे आपण कशावरून ठरवणार?

श्वासमात्र

पंज्यासाठी लाकडी तलवारीचे वार पुरतात. जोर-बैठकांचे आपण पाहून घ्या.