क्लँग आला म्हणून जीसीसी रिटायर करायचा का? (दोन्ही कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड चिपला कळेल असा करून देणारे.) नाशिकच्या अंबड-सातपूरवाल्यांनो बोला

सातपूरचा_सोल्डर:
नवीन जॉइन झालेल्या पोरांचा पहिला प्रश्न, "सर, अजून जीसीसीच?" आम्ही निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांसाठी ड्रिपचे कंट्रोलर बनवतो, आत एव्हीआर नावाची छोटी चिप, तिथे एव्हीआर-जीसीसीच लागतो, जुन्या आर्डुइनो उनो बोर्डाच्या पोटात पण तीच चिप आहे. क्लँगमध्ये एव्हीआरची सोय आहे हो, पण लायब्ररी आणि स्टार्टअप कोड (चिप चालू होताच आधी चालतो तो) शेवटी जीसीसीवाल्यांकडूनच उसना आणायचा, मग उपयोग काय? १९८७ पासून घासून गुळगुळीत झालेला माल आहे. छोट्या चिपवर काम असेल तर क्लँगच्या नादी लागू नये, माझं स्पष्ट मत.

कॉलेजरोड_कोडर:
दादा, टेम्प्लेटवाला (एकच साचा वेगवेगळ्या डेटाला चालवणारा) सी प्लस प्लस लिहिलाय का कधी? जीसीसीने पानंच्या पानं एरर ओकायचे आणि आपण त्यात आपली ओळ शोधत बसायचं. चूक नेमकी कुठल्या अक्षरापाशी आहे ते खाली बाण काढून दाखवणं क्लँगने आधी केलं, जीसीसीत ते आलं ४.८ ला, म्हणजे २०१३. आणि ख्रिस लॅटनरने क्लँगच्या खालचा पाया, एलएलव्हीएम, लायब्ररीसारखा सुट्या भागांत बांधला म्हणून तर रस्ट, स्विफ्ट या भाषा त्यावर उभ्या राहिल्या. जीसीसी सुरू करणाऱ्या स्टॉलमनने तो तसा सुटा होऊ दिला नाही, कोणी आतला भाग काढून बंद सॉफ्टवेअरला जोडेल या भीतीने.

सातपूरचा_सोल्डर:
मग भीती खोटी होती का? आर्म या चिपवाल्या कंपनीचा आर्म कंपायलर ६ बघ, आत क्लँग, पण आख्खा सोर्स (मूळ कोड) माग बरं, देतात का.

कॉलेजरोड_कोडर:
जीसीसीच्या जीपीएल लायसनने (कंपायलर वाटलात तर सोर्सही द्या, अशी अट) तरी काय अडवलं? जीसीसीवरच बेतलेला कंपायलर देऊन फ्री व्हर्जनमध्ये वरचं ऑप्टिमायझेशन (कोड छोटा, वेगवान करणं) लॉक करणारी चिप कंपनी आहेच की.

सातपूरचा_सोल्डर:
आहे, पण सोर्स द्यावा लागला ना तिला? लोकांनी लॉक काढून स्वतः बिल्ड केला. क्लँगच्या लायसनला ती अट नाही, त्यावर बेतलेला असता तर बसला असतास हात चोळत.

टेस्टिंगवाली_ताई:
लायसनचं भांडण तुम्ही दोघं घाला, मला वेगळंच बोलायचंय. फर्मवेअरमध्ये (चिपवरच्या प्रोग्राममध्ये) सगळं काम इंटरप्टमध्ये, म्हणजे काही घडलं की मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये असतं आणि मेन फंक्शनच्या शेवटी रिकामा, कधीच न संपणारा व्हाइल-वन लूप टाकून आपण मोकळे. सी प्लस प्लसमध्ये हा लूप क्लँगच्या काही व्हर्जन ऑप्टिमायझेशन लावलं की चक्क उडवायच्या, आणि प्रोग्राम सरळ मेमरीतल्या पुढच्या फंक्शनमध्ये घुसायचा!! बागेत पाणी चालू राहिलं तर शेतकरी स्टँडर्डचं (भाषेच्या अधिकृत नियमांचं) पुस्तक वाचणार आहे का?

कॉलेजरोड_कोडर:
ताई, तेव्हाच्या स्टँडर्डप्रमाणे ते चालत होतं, आता नियमच बदललाय. आणि डिलेसाठी (थोडं थांबायला) लिहिलेला रिकामा फॉर लूप जीसीसी पण ओ-टू या ऑप्टिमायझेशनला उडवतोच, व्होलाटाइल (याला हात लावू नको असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावायचा कंटाळा आपला आणि शिव्या कंपायलरला.

टेस्टिंगवाली_ताई:
फॉर लूपचं मान्य. पण नियम बदलायची वेळ आली म्हणजे आधीचा नियम धड नव्हता ना? जीसीसीने तो लूप तेव्हाही ठेवलाच होता. आम्ही आता बिल्ड दोन्हींवर लावतो, एकाला न दिसलेली वॉर्निंग दुसरा देतो, पण चिपवर जातो तो जीसीसीचाच.

पंचवटी_गोफर:
दोन्ही कंपायलर जड आहेत. गो भाषा बनवणाऱ्यांनी सुरुवातीला एलएलव्हीएमचा विचार केला होता, फार मोठा आणि स्लो वाटला म्हणून सोडला. रस्टचं तर नावच काढू नका, आमच्या जुन्या लॅपटॉपवर बिल्ड लावून मिसळ खाऊन आलो तरी चालूच.