मालगाडीची इंजिनं इथे बनू दिली नाहीत, की बनवणं परवडत नव्हतं?

वाघीण क्र. ७ (धागाकर्ता)

'इंग्रजांनी रेल्वे दिली' असं कुणी म्हणालं की लगेच १८५३, बोरीबंदर-ठाणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं पुढे येतात. ती कौतुकाची गाडी होती. कंपन्यांचं पोट भरलं ते मालावर: खामगावचा कापूस, झरियाचा कोळसा, पंजाबचा गहू. तेव्हा हिशेब मांडायचाच तर मालगाडी ओढणाऱ्या इंजिनापासून मांडा. ते बनलं कुठे?

ग्लासगो, मँचेस्टर, लीड्स. आणि इथे जमत नव्हतं म्हणावं, तर अजमेरच्या रेल्वे कारखान्यात १८९५ लाच मीटर गेजचं (रुळांमधलं अंतर एक मीटर) एफ-७३४ हे इंजिन तयार झालं होतं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते आजही उभं आहे. १८९९ ला बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे कारखान्यानं ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं, 'लेडी कर्झन' बांधलं, आणि १९२३ पर्यंत दोनशेच्या वर इंजिनं. त्यानंतर तिथलं बांधकाम थांबलं. स्वातंत्र्यापर्यंतचा अंदाज धरला तर ब्रिटनमधून आलेली इंजिनं १२,००० च्या घरात आणि इथे बनलेली जेमतेम ७००.

माझं म्हणणं सरळ आहे: हात होते, डोकं होतं, गिऱ्हाईकही दारातच होतं. धोरणानं अडवलं.

हिशेबनीस

आकडे मान्य, निष्कर्ष घाईचा. एक इंजिन बनवणं वेगळं आणि वर्षाला शंभर बनवून परदेशी भावाला टक्कर देणं वेगळं. अजमेर, जमालपूर हे मुळात दुरुस्तीचे कारखाने. १८९५ ला बॉयलरच्या जाड पोलादी प्लेटा कुठून आणणार होतात? टाटांच्या साकचीच्या (म्हणजे पुढच्या जमशेदपूरच्या) कारखान्यातून पहिलं पोलाद निघालं ते १९१२ ला.

दुसरं, मागणी एकसारखी नव्हती. ब्रॉडगेज, मीटरगेज, त्याखाली दोन प्रकारचे नॅरोगेज. प्रत्येक कंपनीचा इंजिनिअर वेगळा आणि त्याचा हट्ट वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रमाणित आराखडे आले तेव्हा कुठे एचजीएससारखं आठ जोडचाकांचं मालगाडीचं इंजिन अनेक रेल्वेंवर सारखं दिसायला लागलं. त्याआधी देशी कारखानदारानं कुणाच्या मापाचा साचा करायचा?

वाघीण क्र. ७

ते प्रमाणित आराखडे ठरले कुठे, हेही सांगा की. लंडनमध्ये. ऑर्डर तिथून, तपासणी तिथेच. प्रमाणीकरणाचा फायदा झाला, पण साचे ग्लासगोत पडले.

आणि गेजचा गोंधळ आम्ही घातला नव्हता. मनमाडला १९०० पासून निजामाकडची मीटरगेज येऊन मिळाली. पुढे नव्वदच्या दशकापर्यंत तिथे एका वाघिणीतली (मालडब्यातली) पोती हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जात होती. डझनभर कंपन्या कशा उभ्या राहिल्या? सुरुवातीच्या कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून होती म्हणून. धंद्यात खोट आली तरी लंडनच्या भागधारकाला तोशीस नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी हेच मांडत होते.

कुर्डुवाडीकर

मध्येच घुसतो. सगळंच लंडनच्या कचेरीत बसून ठरलं असं नाही. आमची बार्शी लाइट रेल्वे घ्या, १८९७ ची. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं गणित उलटं मांडलं. आधी ठरवलं की हलक्या रुळांवर कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो की वाघीण, नियम एकच. मग इंजिनाचं वजन वाटायला चाकं वाढवली: पुढे आठ जोडचाकं, मागे चार छोटी. अडीच फुटी रूळ, पण वाघिणी चांगल्या लांबरुंद. बार्शीच्या बाजारपेठेचा माल बैलगाडीतून काढून रेल्वेवर आणायचा हाच हेतू होता.

इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, हे कबूल. पण विचार इथल्या जमिनीवर बेतलेला होता. 'लूट' हा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका.

वाघीण क्र. ७

बार्शीचं इंजिन मलाही आवडतं. पण तुम्हीच लिहिलंत, किटसन, लीड्स. तेवढाच माझा मुद्दा.

फायरमनचा नातू

तुमची चर्चा आराखडे आणि ऑर्डरींवरच अडकली आहे. आजोबा भुसावळला लोको शेडमध्ये होते. एक्सई हे मोठं मालगाडीचं इंजिन, त्याला कोळसा हातानंच घालायचा. ते सांगायचे, फावडं सरळ मध्ये रिकामं करणारा नवशिका. जाणता माणूस भट्टीच्या मागच्या कोपऱ्यांत आणि कडेनं टाकतो, मध्ये थर पातळ ठेवतो, प्रत्येक फावड्यानंतर दार ओढून घेतो. दार उघडं राहिलं की गार हवा आत, वाफ खाली. आपल्या कोळशात राख फार. ती वितळून जाळीवर ढेकळं बसली की हवा अडते आणि चढावर गाडी उभी. मग ड्रायव्हरच्या शिव्या.

आणि ड्रायव्हर कोण? मेल गाडीवर गोरा किंवा अँग्लो-इंडियन. आपल्या माणसाला बढती मिळालीच तर शंटिंग, नाहीतर मालगाडी. इंजिन कुठे बनलं यावर भांडा खुशाल, पण ते चालवण्याची अक्कल इथे जमली होती आणि तिला पगार अर्धामुर्धा मिळत होता, हेही लिहा कुणीतरी.

हिशेबनीस

@नातू, हे खरंच महत्त्वाचं. पण त्यानं माझा मुद्दा खोडला जात नाही. चालवणं, दुरुस्त करणं आणि किफायतशीर उत्पादन करणं या तीन निरनिराळ्या गोष्टी. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया यांनीही ब्रिटिश इंजिनं भरपूर घेतली.

वाघीण क्र. ७

अर्जेंटिना कशाला, जपान घ्या. जपाननं पहिलं इंजिन १८९३ ला बांधलं. अजमेरच्या आधी फक्त दोन वर्षं! तेही एका इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली. १९११ ला जपानला स्वतःची जकात ठरवायचा हक्क परत मिळाला, आयात इंजिनांवर कर वाढला, आणि १९१३ पासून ९६०० जातीची मालगाडीची इंजिनं घरीच शेकड्यांनी बनायला लागली. १८९५ च्या सुमारास दोघं जवळपास एकाच रेषेवर होते. पुढच्या वीस वर्षांत फरक कशानं पडला? जकात कोण ठरवतं, त्यानं.

हिशेबनीस

जकातीनं आणि १९०६ च्या राष्ट्रीयीकरणानं. मुख्य मार्ग बहुतेक एका मालकाकडे आले आणि गेज एकच राहिलं. तुम्ही सोयीचं अर्ध सांगताय.

नागपुरी

हिशेबनीस, मग पेनिन्सुलर लोकोमोटिव्हबद्दल बोला ना! १९२१ ला जमशेदपूरला खास इंजिनं बांधायला कंपनी निघाली. बारा वर्षं देशात निविदा मागवू, असं सरकारनंच जाहीर केलं होतं. कारखाना उभा राहिला. १९२४ ला टॅरिफ बोर्डाकडे (कुठल्या देशी उद्योगाला जकातीचं संरक्षण द्यायचं याची शिफारस करणारं सरकारी मंडळ) संरक्षण मागितलं तर उत्तर आलं की देशाची वर्षाची मागणी एवढा कारखाना पोसण्याइतकी नाही. संपला विषय. आता पोलादही होतं, तेही त्याच गावात. तुमचं १९१२ चं कारण इथे चालत नाही.

(आमच्या बंगाल-नागपूर रेल्वेनं तर पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या बायर पीकॉककडून जोड इंजिनांची गॅरट मागवायला सुरुवात केली. १९२९ ची एन जातीची गॅरट म्हणजे दोन्ही टोकांना चाकांचा संच, मध्ये टांगलेला प्रचंड बॉयलर. बघत राहावं असं यंत्र, पण आलं बोटीनंच.)

हिशेबनीस

बोर्डाचं म्हणणं आकड्यांवर होतं. महायुद्धानंतर रेल्वेंच्या ऑर्डरी खरंच घटल्या होत्या. संरक्षण दिलं असतं तर महाग इंजिनांचा बोजा मालभाड्यावर, म्हणजे शेवटी विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यावरच. आणि १९५० ला चित्तरंजनच्या सरकारी कारखान्यात डब्ल्यूजी ही मालगाडीची इंजिनं बनायला लागली तेव्हाही त्याच जातीची इंजिनं आपण ग्लासगोहून घेतच होतो. कारखाना एका रात्रीत उभा राहत नाही, स्वराज्य असलं तरी.

वाघीण क्र. ७

पण स्वराज्यात तो उभा तरी राहिला. १९५० ला पहिलं इंजिन, १९७० ला ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं, आणि मधल्या वीस वर्षांत दोन हजारांच्या वर. याला 'परवडत नाही' म्हणतात का?

आणि १९२४ चीच गोष्ट काढलीत तर पुरी सांगा. त्याच वर्षी, त्याच टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवर टाटांच्या पोलादाला संरक्षण मिळालं. म्हणजे तत्त्व म्हणून विरोध नव्हता. रूळ इथे बनलेले चालले, इंजिन चाललं नाही.

हिशेबनीस

रुळांची मागणी दरवर्षी ठरलेली होती, इंजिनांची नव्हती. यात कट शोधू नका.

नागपुरी

बरं, कट नाही. मग त्या जमशेदपूरच्या कारखान्याचं काय केलं? सरकारनं विकत घेतला आणि तिथे डब्यांच्या खालच्या चौकटी बनवायला लावल्या. १९४५ ला तो टाटांकडे गेला आणि त्यांनी तिथे आधी बॉयलर, मग मीटरगेजची वायजी मालगाडीची इंजिनं बांधली. जागा तीच, गाव तेच.

हिशेबनीस

चौकटी लागत होत्या म्हणून चौकटी बनवल्या.

फायरमनचा नातू

आणि इंजिनं लागत नव्हती? मग १९२८ पासून एक्सई कुणासाठी येत होती, तेवढं सांगा.